पूर्व झाली, आता खरे गुण मोजा

लोकसेवा आयोगाची (एमपीएससी) राज्यसेवा पूर्व परीक्षा पहिल्यांदा दिलेल्यांना एकच कळकळीचं सांगणं: आयोगाची पहिली उत्तरतालिका आली की उत्तरपत्रिकेची आपल्याकडे राहिलेली कार्बन कॉपी बाहेर काढा आणि त्याच दिवशी गुण मोजा. ‘निकाल तर लागू दे’ म्हणत घालवलेले आठवडे पुढच्या टप्प्याच्या, म्हणजे मुख्य परीक्षेच्याही कामी येत नाहीत आणि दुसऱ्या परीक्षेच्याही.

आधी सीसॅट, म्हणजे पेपर २ (आकलन-बुद्धिमत्तेचा) मोजा. तो फक्त पात्रतेचा, पण २०० पैकी ६६ हवेतच. तिथे ६४ आले, तर पेपर १ (सामान्य अध्ययन) कितीही चांगला गेलेला असो, उपयोग नाही. पेपर १ ला १०० प्रश्न. बरोबरला २, चुकलेल्याला अर्धा गुण वजा. ५८ बरोबर, ३४ चूक, ८ सोडलेले असतील तर ११६ वजा १७, म्हणजे ९९.

घोळ होतो तो इथेच. मुलं आठवणीतून मोजतात. ‘मी दुसराच पर्याय केला होता’ असं पक्कं वाटतं आणि कॉपीवर तिसरा रंगवलेला असतो. कॉपीवर जे आहे तेच धरा. ‘हे दोन प्रश्न रद्द होणार’ हा हिशोबही नको. अंतिम तालिकेत तुमचं बरोबर असलेलं उत्तर चुकीचंही ठरू शकतं. हरकत जरूर घ्या, पुराव्यासह आणि मुदतीत. गुण मात्र धरू नका.

मग आपल्याच प्रवर्गाचे मागच्या तीन वर्षांचे कट-ऑफ (मुख्यसाठी निवडलेल्यांतले किमान गुण) शेजारी मांडा. जागा आणि पेपरची काठिण्यपातळी बदलते, त्यामुळे पाच-दहा गुण इकडेतिकडे होतात. तेवढ्या अंतरात असाल तर मुख्य सोडू नका. आता ती वर्णनात्मक आहे, १७५० गुणांची, लिहिण्याचा सराव महिनोन्‌महिने लागतो. वीसेक गुणांनी मागे असाल तर आमच्या मते थांबू नये, आयोगाच्याच संयुक्त गट-ब, गट-क परीक्षांकडे किंवा नोकरीकडे लगेच वळावं.

चुकांचीही फोड करा. घरच्या सराव पेपरात खात्रीच्या उत्तराला बरोबरची खूण, दोन पर्यायांत अडकलेल्याला टिंब, निव्वळ अंदाजाला फुली. चारपैकी आंधळेपणाने एक निवडलात तर सरासरी पाव गुणही हाती लागत नाही. दोनांतून निवडलात तर पाऊण. फुल्या जास्त असतील तर तंत्र नव्हे, वाचन कमी पडलंय.

संध्याकाळी घरून फोन येतो, ‘कसा गेला रे पेपर?’ ‘होईल बहुतेक’ म्हणू नका. ९९ आले असतील तर ९९ सांगा.