ट्रेलर-ट्रकचं स्केल मॉडेल बांधताना या चुका टाळा

मॉडेल पूर्ण होतं, रंग सुरेख बसतो, क्रोम चमकतं, आणि तरी शेल्फवर ठेवलं की काहीतरी खटकतं. अशा वेळी दोष बहुधा रंगात नसतो. घोडा, म्हणजे ओढणारा पुढचा ट्रक, आणि मागचा ट्रेलर जमिनीवर कसे बसले आहेत, त्यात तो असतो. चाकं किंचित मोठी, चेसिस जरासा पिळलेला, ट्रेलरचं नाक वर. रंग खरवडून पुन्हा मारता येतो, पण बसण्यातली चूक दुरुस्त करायला सगळं मॉडेल उसवावं लागतं. म्हणून या लेखात रंगापेक्षा मापांवर जास्त भर आहे.

१:२४ आणि १:२५ डोळे झाकून मिसळणं

किट बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एएमटीचे जुने अमेरिकन ट्रक १:२५ चे, म्हणजे खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्श्याचे, इटालेरीचे बहुतेक ट्रक १:२४ चे. रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतून केलेले, सुटे भाग विकणारे दोन्ही मापांत भाग करतात, आणि पाकिटावर माप ठळक लिहिलेलं असेलच असं नाही. फरक फक्त चार टक्के, म्हणून चालून जाईल असं वाटतं. लहान मोटारीत कदाचित चालेलही, पण ट्रेलर लांब असतो. चाळीस फुटी कंटेनर १:२४ मध्ये ५०८ मिलिमीटर होतो आणि १:२५ मध्ये ४८८. वीस मिलिमीटरचा हा फरक खोलीच्या दारातून दिसतो. रुंदीतही चार मिलिमीटर जातात, आणि १:२५ च्या केबिनमागे १:२४ चा कंटेनर लावला की केबिन लगेच खुजी वाटू लागते.

भाग हातात आला की पाकिटावर विश्वास ठेवू नका, व्हर्नियर लावा. अमेरिकन घोड्याच्या चेसिसची बाहेरून रुंदी साधारण ३४ इंच असते. म्हणजे १:२५ मध्ये साडेचौतीस मिलिमीटर आणि १:२४ मध्ये ३६. हे एक माप घेतलं तरी चेसिस कोणत्या घरातला ते कळतं.

टायरमध्ये मात्र एक उपयोगी योगायोग आहे. ११आर२२.५ टायरचा (शेवटचा आकडा रिमचा इंचांतला व्यास) बाहेरचा व्यास १:२४ मध्ये जवळजवळ ४४ मिलिमीटर येतो, आणि ११आर२४.५ टायरचा १:२५ मध्येही तेवढाच. त्यामुळे मोठ्या चाकांचा १:२५ ट्रक करायचा असेल तर १:२४ चे टायर उंचीला बरोबर बसतात. फक्त रिम सुमारे एक मिलिमीटर लहान राहतं, आणि जवळून काढलेल्या फोटोत ते लपत नाही. असं मिश्रण जाणूनबुजून केलं तर हरकत नाही.

‘साधारण असा ट्रक’ बांधणं

किटवरच्या चित्रावरून बांधू नका. एक खरा ट्रक निवडा, एका वर्षाचा आणि शक्यतो एका नंबरचा. पीटरबिल्ट ३५९ ची जागा १९८७ मध्ये ३७९ ने घेतली. ३५९ च्या किटवर ३७९ चं रेझिन नाक बसवून मागे सत्तरच्या दशकातला ट्रेलर जोडला, तर तो ट्रक कधीच रस्त्यावर नव्हता. अमेरिकेत १९८२ च्या कायद्यानंतर ट्रेलरची रुंदी ९६ वरून १०२ इंचांवर गेली, म्हणजे ट्रेलरवरूनही काळ ओळखता येतो.

आपल्याकडचा ट्रक बांधायचा असेल तर संदर्भ मुंबईजवळच आहे. कळंबोली, वडाळ्याचं ट्रक टर्मिनल, उरणकडे जाणारा रस्ता इथे न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर ट्रेलर दिवसभर दिसतात. बंदराच्या आत कॅमेरा काढू नका. बाहेर उभ्या गाडीचे फोटो ड्रायव्हरला विचारून काढा. गाडीबद्दल आस्थेने विचारलं की बहुतेकजण स्वतःहून कमानीचे पाटे आणि एअर टँक दाखवतात. फोटो लांबून, झूम करून आणि बाजूने काटकोनात काढा. जवळून काढलेल्या फोटोत पुढचं चाक फुगतं आणि त्यावरून घेतलेली सगळी मापं चुकतात. फोटोतली मापपट्टी म्हणजे कंटेनरच: लांबी १२,१९२ मिलिमीटर, रुंदी २,४३८, उंची २,५९१. हाय-क्यूब, म्हणजे जास्त उंचीचा कंटेनर, असेल तर उंची २,८९६, त्यामुळे आधी तो कोणता आहे ते ठरवा. कंटेनरच्या कोपऱ्यातला ओतीव ठोकळा १७८ × १६२ × ११८ मिलिमीटरचा असतो, आणि जवळच्या फोटोत तोही मापाला उपयोगी पडतो.

भारतीय ट्रकच्या मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे स्टिअरिंग. युरोपीय किट डाव्या स्टिअरिंगचं असतं. डॅशबोर्ड उजवीकडे हलवला जातो, पण वायपर, पेडल आणि खालचा स्टिअरिंग बॉक्स डावीकडेच राहतात. ट्रक उलटा करून पाहणारा माणूस पहिल्यांदा हेच पाहतो.

वर्ष ठरलं की बारीक गोष्टी आपोआप ठरतात. १ एप्रिल २०२० नंतरचा बीएस-६ घोडा असेल तर निळ्या झाकणाची अ‍ॅडब्लू टाकी (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) हवी. एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट हवी, पिवळ्यावर काळी अक्षरं. रिफ्लेक्टिव्ह पट्टी पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. आणि मागच्या फळीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ रंगवण्याआधी तारीख बघा, कारण महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली. पनवेलची एमएच-४६ पाटी तर सगळ्यांच्या मनात येते, पण या रस्त्यावर नागालँड पासिंगचे एनएल-०१ घोडेही भरपूर असतात.

रेझिन न धुता रंगवणं

साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेलकट रसायन भागावर राहतं. त्यावर प्रायमर धरत नाही आणि मास्किंग टेपबरोबर पापुद्र्यासारखा निघून येतो. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात भाग थोडा वेळ ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, धुवा आणि पूर्ण वाळू द्या. प्रायमर आधीच निघाला असेल तर वरून दुसरा हात देऊन उपयोग नाही. सगळा काढा, धुवा, पुन्हा सुरू करा.

लांब भाग, विशेषतः बंपर, सनव्हायझर आणि चेसिसच्या पट्ट्या, वाकलेल्या येतात. ६०-७० अंशांच्या पाण्यात काही मिनिटं बुडवा, काचेवर ठेवून सरळ करा आणि थंड होईपर्यंत दाबून धरा. सुक्या हाताने जोर लावलात तर तुटेल. पातळ पट्टी उन्हात किंवा गरम खोलीत परत वाकते, म्हणून चेसिससाठी पट्टीच्या आत पितळी तार बसवलेली बरी.

रेझिन सुकताना किंचित आकसतं. मूळ भागाची नक्कल आणि त्या नकलेची पुन्हा नक्कल झाली की ते आकसणं साठत जातं, आणि हूड केबिनला बसत नाही. अशा चोरट्या नकला स्वस्त मिळतात, पण घेऊ नका. मूळ साचा बनवणाऱ्याचे कष्ट बुडतात आणि तुमचं मॉडेलही बिघडतं.

प्लास्टिक सिमेंट पॉलिस्टायरिन, म्हणजे किटचं प्लास्टिक, विरघळवून जोडतं, रेझिनवर त्याचा काही परिणाम होत नाही. तिथे सुपरग्लू किंवा अरल्डाइटसारखा इपॉक्सी लागतो. वजन येणाऱ्या जोडात, म्हणजे अ‍ॅक्सल, केबिन माउंट आणि फिफ्थ व्हील (घोड्यावरची ट्रेलर अडकवायची ताटली), नुसत्या गोंदावर विसंबू नका. पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने) एक मिलिमीटरचं भोक पाडून पितळी तार घाला. बारीक ड्रिल मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर सुटे मिळतात. रेझिन घासताना वॉटर पेपर ओला ठेवा आणि मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.

हातात धरून चेसिस जोडणं

दोन लांब पट्ट्या आणि मध्ये आडवे दांडे, हा भाग हातात धरून चिकटवला की हमखास पिळतो. पिळ लगेच दिसत नाही. चाकं लावल्यावर दहापैकी एक हवेत राहतं आणि तिथून खरा त्रास सुरू होतो. जाड काचेचा तुकडा घ्या, खाली आलेखाचा कागद चिकटवा, पट्ट्या त्यावर ठेवा, दोन्ही बाजूंना गुण्या लावा आणि मगच सिमेंट लावा. रात्रभर हलवू नका.

चेसिस आधीच पिळला असेल तर चाक घासून टेकवायचा मोह टाळा. शेजारचे दोन आडवे दांडे रेझर सॉने कापा, काचेवर सरळ करा, परत जोडा. चेसिस सरळ असूनही चाक टेकत नसेल तर दोष पाट्यांच्या बैठकीत आहे. तिथे कागदाएवढी पातळ प्लास्टिकची चकती घाला.

पुढच्या चाकाचं डिस्क बाहेर फुगलेलं असतं, मागच्या जोडचाकांत बाहेरचं आत बसलेलं. ही अदलाबदल अनुभवी लोकांकडूनही होते.

मग ट्रेलर. अमेरिकन फिफ्थ व्हीलची जमिनीपासूनची उंची साधारण ४७-४८ इंच असते, १:२५ मध्ये अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास मिलिमीटर. घोडा आणि ट्रेलर वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटमधले असतील तर ही उंची जुळत नाही आणि ट्रेलर पुढे चढलेला दिसतो. रंगाआधी, सगळं टेपने धरून, एकदा जोडून पाहा. ट्रेलरचा तळ जमिनीला समांतर येईपर्यंत फिफ्थ व्हीलची बैठक कमी-जास्त करा.

पावसाळ्यात लॅकर

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत लॅकर मारलं की चकाकीवर पांढुरकं धुकं येतं. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. पाऊस कोसळत असताना फक्त जोडकाम करा, किंवा एसी चालवून खोली कोरडी करा. थिनरमध्ये रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रावण) घाला, कंप्रेसरला हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप लावा. धुकं आलंच तर नुसत्या रिटार्डर-थिनरचा अगदी हलका फवारा दिल्यावर ते बरेचदा जातं. गाड्यांच्या रंगाचं एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर उघड्या पॉलिस्टायरिनवर थेट मारू नका, प्लास्टिकला भेगा पडतात. आधी प्रायमरचे पातळ हात हवेत.

सुपरग्लूची वाफ खिडकीच्या पारदर्शक भागावर पांढरी बसते. काचा पांढऱ्या पीव्हीए गोंदाने लावा.

किटचं क्रोम फार जाड आणि खेळण्यासारखं दिसत असेल तर कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचमध्ये ते उतरतं. खिडकी उघडी ठेवा, आणि त्याच भांड्यात टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका. विषारी वायू होतो. उघडं पडलेलं प्लास्टिक चकचकीत काळं रंगवून त्यावर अ‍ॅलक्लॅड या ब्रँडचा क्रोम रंग मारला तर खऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या जवळ जातं.

जुन्या किटचे मऊ व्हिनाइल टायर प्लास्टिकला खातात. टायरमधलं मऊपणाचं रसायन हळूहळू रिममध्ये उतरतं आणि काही वर्षांनी रिम चिकट होऊन वितळल्यासारखं दिसतं. रिमच्या कडेला फॉइलची पट्टी लावा किंवा रेझिनचे टायर वापरा. किट लगेच बांधणार नसाल तर डबा घरी आल्याबरोबर टायर काढून वेगळ्या पिशवीत ठेवा.