सँटोरिनीच्या कड्यावरचं हॉटेल: पैसे भरण्याआधी काय विचारायचं, पोचल्यावर काय सांभाळायचं

कड्यावरच्या हॉटेलांत राहून आलेल्यांच्या तक्रारींत दृश्याबद्दल कुणी सहसा बोलत नाही. बोलतात ते पायऱ्यांबद्दल, वाऱ्याबद्दल, खोलीतल्या कुबट वासाबद्दल, वरच्या वाटेवरून आपल्या टबात डोकावणाऱ्या लोकांबद्दल आणि सूर्य भलत्याच बाजूला मावळतो याबद्दल. हे सगळं आरक्षणाच्या वेळी विचारलं तर कळतं. फोटोवरून कळत नाही, कारण फोटो पहाटे, वारा पडलेला असताना आणि वाटेवर चिटपाखरू नसताना काढलेला असतो.

आधी बेटाची ठेवण

ग्रीसमधलं सँटोरिनी बेट म्हणजे ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखाचा, कॅल्डेऱ्याचा, उरलेला काठ. इ.स.पू. १६००च्या आसपासच्या महाउद्रेकाने त्याला आजचं रूप आलं. मुख्य बेट चंद्रकोरीसारखं आहे. कोरीची आतली, पश्चिमेकडची बाजू उभी तुटलेली आहे, तोच हा कडा. बाहेरची बाजू पूर्वेकडे हळूहळू उतरत जाते आणि तिथे कामारी, पेरिसा हे काळ्या वाळूचे किनारे आहेत. त्यामुळे जाहिरातीत नुसतं ‘सी व्ह्यू’ असेल तर तो पूर्वेचा मोकळा समुद्रही असू शकतो. तुम्हाला हवा असलेला शब्द ‘कॅल्डेरा व्ह्यू’. तोही खोलीतून आहे, खोलीपुढच्या ओट्यावरून आहे, की फक्त सगळ्यांच्या सामाईक गच्चीवरून, हे लेखी विचारून घ्या.

कड्यावर चार गावं आहेत. फिरा हे मुख्य गाव, साधारण २६० मीटर उंचीवर. सगळ्या बस इथून सुटतात, दुकानं आणि खाणावळी भरपूर, आणि रात्री उशिरापर्यंत गोंगाटही भरपूर. त्याला लागून फिरोस्तेफानी. दहा-पंधरा मिनिटं चाललं की फिरा गाठता येतं, तरी रात्री झोप लागते. पहिल्यांदा जाणाऱ्यांना सगळ्यात सोयीचं गाव बहुधा हेच. पुढे इमेरोविग्ली, कड्यावरचं सर्वात उंच गाव, सुमारे ३०० मीटर. शांत, पण वारा सर्वात जास्त आणि जेवणाच्या जागा मोजक्या. उत्तर टोकाला इया. देखणं खरंच, पण दुपारनंतर गल्ल्यांतून पुढे सरकणं मुश्कील होतं. याशिवाय नैर्ऋत्येला अक्रोतिरीच्या बाजूलाही कड्यावर काही हॉटेलं आहेत. तिथून अख्खा कॅल्डेरा आणि समोरच्या कड्यावरची पांढरी गावं दिसतात, फक्त गाडीशिवाय तिथे अडकून पडल्यासारखं होतं.

खोलीचं तोंड कुठे?

सर्वात जास्त निराशा इथे होते. इया सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे, पण गाव पूर्व-पश्चिम पसरलेलं असल्यामुळे तिथला कॅल्डेरा दक्षिणेला येतो. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेकडे मावळतो. म्हणजे इयाच्या दक्षिणाभिमुख खोलीतून तो उजव्या हाताला, गावाच्या आड जातो आणि ओट्यावरून दिसते ती फक्त गुलाबी झालेली हवा. गावाच्या पश्चिम टोकाच्या खोल्यांना हा प्रश्न येत नाही. जसजसा हिवाळा जवळ येतो तसतसा सूर्यास्त दक्षिणेकडे सरकतो आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्या दक्षिणाभिमुख खोल्यांचं नशीब पालटतं.

फिरा, फिरोस्तेफानी आणि इमेरोविग्लीचा कडा पश्चिमेकडे बघतो, त्यामुळे तिथे हंगामभर सूर्यास्त समोरच असतो. जूनमध्ये थिरासिया बेटाच्या उत्तर टोकाच्या आसपास, ऑक्टोबरमध्ये थिरासियाच्या दक्षिणेला. इमेरोविग्लीत स्कारोस हा सुळका मध्ये येतो का, एवढं विचारावं. वेळ: जूनअखेर रात्री पावणेनऊच्या थोडं आधी, सप्टेंबरअखेर सात वाजून गेल्यावर.

पश्चिमाभिमुख कड्याचा आणखी एक परिणाम सकाळी जाणवतो. ऊन पाठीमागून, डोंगरावरून येतं, म्हणून न्याहारीच्या वेळी ओटा सावलीत असतो. जुलैत हे सुख असतं. एप्रिलमध्ये अंगात जाडसर स्वेटर नसेल तर चहा आत बसून प्यावा लागतो. दुपारी दोननंतर मात्र तोच ओटा तापतो, आणि पांढऱ्या भिंतींवरून परतणारं ऊन डोळ्यांना सोसत नाही. काळा चष्मा घरात, म्हणजे ओट्यावरही, लागतो.

पायऱ्या: आकडा मागा

इथे हॉटेल रस्त्यापासून वर चढत नाही, खाली उतरत जातं. गाडी गावाच्या कडेला किंवा चौकात थांबते. पुढे गल्ली आणि मग पायऱ्या. हॉटेलला चार प्रश्न विचारा. गाडी थांबते तिथून स्वागतकक्षापर्यंत किती पायऱ्या? स्वागतकक्षापासून माझ्या खोलीपर्यंत किती? न्याहारीची जागा आणि तलाव कोणत्या पातळीवर? सामान कोण नेतं? उत्तर आलं की ‘काही पायऱ्या आहेत’, तर पुन्हा विचारा. ‘काही’ म्हणजे ऐंशीही असू शकतात. लिफ्ट बहुतेक ठिकाणी नसते, कारण पोखरलेल्या कड्यात ती बसवणं अवघड.

पायऱ्यांची उंचीही एकसारखी नसते आणि अनेक ठिकाणी कठडा नसतो. गुडघे दुखत असतील, सोबत वयस्कर माणूस असेल किंवा रांगतं मूल असेल, तर स्वागतकक्षाच्या पातळीवरची खोली मागा किंवा कड्याचा नाद सोडून कामारीला राहा. बरीच कड्यावरची हॉटेलं बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत. ही अट आरक्षणाच्या पानावर बारीक अक्षरांत असते.

सामान हॉटेलचे हमाल खांद्यावर नेतात. मोठ्या एका बॅगेऐवजी दोन मध्यम बॅगा आणल्या तर त्यांचे आणि तुमचेही हाल वाचतात. चाकं इथे निरुपयोगी.

गुहेतली खोली

‘केव्ह सूट’ नावाने विकल्या जाणाऱ्या खोल्या ही बेटावरची जुनी घरबांधणी आहे. ज्वालामुखीच्या राखेच्या आणि प्युमिस या हलक्या, सच्छिद्र दगडाच्या मऊ थरात आत खोदत जायचं, वर कमानदार छत, आणि दार-खिडक्या फक्त पुढच्या बाजूला. जाड मातीमुळे उन्हाळ्यात आत गारवा राहतो. पण हवा खेळायला मागे वाट नसते, म्हणून ओल धरते. न्हाणीघर सहसा सर्वात आत, डोंगराच्या पोटात असतं, आणि कुबट वास तिथूनच सुरू होतो.

उपाय साधे आहेत. खोलीत शिरल्यावर आधी न्हाणीघराचा पंखा चालतो का ते बघा, मग बॅग उघडा. अंघोळीनंतर तो अर्धा तास चालू ठेवा. एसी असेल तर त्याचा ओल शोषण्याचा पर्याय निवडा. त्यावर सहसा थेंबाची खूण असते. ओले पोहण्याचे कपडे आत वाळत घालू नका. बाहेर घाला, पण चिमट्याने घट्ट लावून, नाहीतर शेजारच्या हॉटेलात जाऊन आणावे लागतील. भिंतीला टेकून बसायचं तर गडद कपडे नकोत, चुना लागतो. आतल्या भागात मोबाइलला रेंज नसते आणि वायफायही अडखळतं. कामाचे फोन ओट्यावरूनच करावे लागतील. आणि ज्यांना बंद जागेत गुदमरतं त्यांनी गुहेच्या मोहात पडू नये, वरच्या बाजूची साधी, खिडक्यांची खोली घ्यावी.

ओटा, टब आणि खासगीपणा

हॉटेल टप्प्याटप्प्याने उतरतं, म्हणजे तुमचा ओटा हे खालच्याचं छत आणि वरच्याचं अंगण. वरून बघणाऱ्याला खालचा टब अगदी स्पष्ट दिसतो. त्यात सार्वजनिक पायवाट कड्याच्या माथ्यावरून जात असेल तर दिवसभर कॅमेरेही. म्हणून विचारा: ओट्यावरून दुसऱ्या पाहुण्यांची ये-जा आहे का, आणि वरच्या वाटेवरून तो दिसतो का? खालच्या पातळीवरची खोली जास्त खासगी, पण पायऱ्या जास्त. दोन्ही एकदम क्वचितच मिळतं.

टब किंवा छोटा तलाव ‘खासगी’ आहे एवढ्यावर खूश होऊ नका. पाणी गरम केलेलं आहे का, किती अंशांपर्यंत, आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का, हे विचारा. एप्रिल-मेमध्ये न तापवलेल्या पाण्यात पाय घालून बाहेर काढण्यापलीकडे काही होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा कधी कधी सलग काही दिवस वाहतो. छत्र्या मिटवाव्या लागतात, टेबलावरचं काही टिकत नाही. पश्चिमेकडच्या उघड्या ओट्यापेक्षा उत्तरेला भिंत असलेला ओटा अशा वेळी कितीतरी बरा.

पैसे

खोलीच्या दरात न धरलेला एक खर्च हॉटेलवरच भरावा लागतो: हवामान-लवचिकता कर. २०२५पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तो दर खोलीला, दर रात्री पाचतारांकित हॉटेलात १५ युरो, चारतारांकितला १०, तीनतारांकितला ५ आणि त्याखाली २ युरो असा आहे. माणशी नाही, खोलीमागे. चार रात्री पाचतारांकितमध्ये राहिलात तर ६० युरो वेगळे ठेवा.

आणखी एक हिशेब. कड्यावरच्या खोलीचे पैसे म्हणजे संध्याकाळचे पैसे. सगळा दिवस किनाऱ्यावर आणि बोटीवर जाणार असेल तर दोन रात्री कड्यावर आणि उरलेल्या कामारी किंवा पेरिसाला, ही वाटणी शहाणपणाची. कड्याखाली पोहण्याजोगा मोठा किनारा नाही, तेव्हा समुद्रात डुंबायला पलीकडे जावंच लागतं.

पोचताना

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून येणारी फेरी अथिनिओस बंदराला लागते. साध्या बोटीला साधारण आठ तास, वेगवान बोटीला पाच. बंदर कड्याच्या पायथ्याशी आहे आणि वर येणारा रस्ता वळणावळणाचा. बोट लागली की शेकडो माणसं एकदम उतरतात आणि टॅक्सी बेटावर थोड्याच आहेत. हॉटेललाच गाडी पाठवायला सांगा आणि त्यांना बोटीचं नाव कळवा, कारण उशीर झाला तर ते त्यावरूनच शोधतात. बसने यायचं तर ती फिऱ्यापर्यंत येते. बेटावरच्या जवळजवळ सगळ्या बस फिऱ्यातच बदलाव्या लागतात.

फिऱ्याखालचं जुनं बंदर वेगळं. तिथे क्रूझ जहाजांचे प्रवासी छोट्या होड्यांनी उतरतात आणि केबल कारने, खेचरावरून किंवा जवळपास ६०० पायऱ्या चढून वर येतात. त्या पायऱ्या खेचरांच्याही वाटेच्या, त्यामुळे शेणाने निसरड्या. खाली बघायला जायचं असेल तर केबल कारनेच जा-ये करा.

खोलीत पोचल्यावर पाण्याचं लक्षात ठेवा. नळाचं पाणी पिण्यासाठी नाही. दिवसाला माणशी दोन लिटर बाटलीबंद पाणी धरा. टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकू नका, शेजारच्या टोपलीत टाका. ग्रीसमधल्या अरुंद नळ्या तुंबतात, आणि कड्यातल्या हॉटेलात तुंबलेली नळी म्हणजे खालच्या खोलीचीही आपत्ती.

राहताना

गर्दीचं वेळापत्रक जहाजांवर चालतं. इया बघायचं तर सकाळी सात ते नऊ. फिरा ते इया ही कड्यावरची पायवाट सुमारे दहा किलोमीटर आहे, तीन-चार तास लागतात, सावली जवळपास नाही. उन्हाळ्यात सहा-साडेसहाला निघा, दीड-दोन लिटर पाणी घ्या, परत बसने या. सूर्यास्ताच्या वेळी इयाच्या पडक्या किल्ल्यापाशी दोन तास आधी जागा धरून उभं राहणारे लोक बघून आपणही धावू नये. कड्यावर खोली घेतलीय ती याचसाठी.

न्याहारी ओट्यावर हवी असेल तर आदल्या रात्री वेळ सांगावी लागते. ट्रे पायऱ्यांवरून येतो, म्हणून सगळ्यांना साडेआठची वेळ हवी असली की अंडी गार होऊन पोचतात. साडेसात किंवा दहा सांगा. मांस-मासे न खाणाऱ्यांची इथे आबाळ होत नाही. पिवळ्या डाळीचा फावा, टोमॅटोची भजी आणि बेटावरची पांढरी वांगी जवळपास सगळीकडे मिळतात.

भूकंपाचीही तयारी हवी. ९ जुलै १९५६च्या भूकंपाने बेटावरची घरं मोठ्या संख्येने पडली, आणि २०२५च्या जानेवारी-फेब्रुवारीत हजारो धक्क्यांच्या मालिकेमुळे हजारो लोकांनी बेट सोडलं. पहिल्याच दिवशी खोलीतून माथ्यावर जाणारी वाट पायी पाहून ठेवा. धक्का बसला की कड्याखालच्या वाटा आणि किनारे टाळा, तिथे दरड कोसळते. आपत्कालीन क्रमांक ११२, आणि सरकारी इशाराही मोबाइलवर येतो.

निघताना

खोली सहसा अकराला सोडावी लागते आणि बोट किंवा विमान संध्याकाळी असतं. सामान स्वागतकक्षात ठेवता येतं, पण अंघोळीची सोय सगळीकडे नसते, ती विचारा. हमालाला किमान अर्धा तास आधी सांगा. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफोर्ट मापावर वारा ८च्या आसपास गेला की बंदर अधिकारी बोटी थांबवतात, आणि वेगवान बोटी सगळ्यात आधी रद्द होतात. म्हणून बेटावरून बोटीने अथेन्सला जाऊन त्याच दिवशीचं परदेशी विमान पकडायचा बेत करू नका. मध्ये एक रात्र अथेन्सला ठेवा.