टॉर वापरताय? मग या चुका टाळा

टॉर म्हणजे आपली वाहतूक अनेक संगणकांतून (त्यांना नोड किंवा रिले म्हणतात) फिरवून ओळख लपवणारं नेटवर्क. ते फोडण्यासाठी अमेरिकेची एनएसए आणि ब्रिटनची जीसीएचक्यू या हेरसंस्था किती धडपडत होत्या, हे ऑक्टोबर २०१३मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर आणलेल्या कागदपत्रांतून कळलं. सगळ्याच वापरकर्त्यांची ओळख सदासर्वकाळ उघडी पाडणं आपल्याला कधीच जमणार नाही, असं एनएसएने २०१२च्या सादरीकरणात स्वतःच लिहून ठेवलं होतं. म्हणून त्यांनी मोर्चा वळवला तो टॉरसोबत येणाऱ्या फायरफॉक्स ब्राउझरकडे.

त्यामुळे सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अपडेट उद्यावर ढकलणं. ऑगस्ट २०१३मध्ये एफबीआयने फ्रीडम होस्टिंग या टॉरवरच्या छुप्या साइट्स चालवणाऱ्या सेवेच्या साइट्सवर पेरलेला कोड आठवा. विंडोजवरच्या टॉर ब्राउझरमध्ये तो जावास्क्रिप्टमधून (साइट्स ब्राउझरमध्ये चालवतात त्या कोडमधून) शिरायचा, संगणकाचं नाव आणि मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) उचलायचा आणि टॉरला वळसा घालून थेट व्हर्जिनियातल्या सर्व्हरला कळवायचा. म्हणजे खरा आयपी पत्ताही, इंटरनेटवर संगणक ओळखू येतो तो क्रमांक, गेलाच. ज्या भोकातून हे घडलं, ते जूनअखेरीसच बुजवलेलं होतं. सापडले ते जुनी आवृत्ती वापरणारे. अपडेटची सूचना दिसली की हातातलं काम थांबवा, आधी ते करा.

जावास्क्रिप्ट मोकळी सोडणं, हीही तशीच चूक. ढालीच्या चिन्हावरून सुरक्षा पातळी सर्वांत वर ठेवा. एखादी साइट उघडेना, तर तेवढ्यापुरती एक पायरी खाली या आणि काम झालं की परत वर जा. वैतागून कायमची खाली ठेवू नका.

टॉर म्हणजे सगळंच कुलूपबंद, हा समजही घातक आहे. शेवटच्या नोडपासून साइटपर्यंतचा मजकूर एचटीटीपीएसने कुलूपबंद केलेला नसेल तर तो नोड चालवणाऱ्याला सरळ वाचता येतो. २००७मध्ये स्वीडनच्या एका सुरक्षा सल्लागाराने असे नोड चालवून जगभरच्या वकिलातींचे ईमेल पासवर्ड मिळवले. त्यात भारतीय वकिलाती होत्या, आपल्या खडकवासल्याची एनडीएही होती.

टॉरमधून नेहमीच्या जीमेलवर लॉगिन केलंत, तर नाव तुम्हीच सांगितलंत. टॉरवरून टोरेंट चालवू नका, खरा आयपी त्यातून गळू शकतो. वेग वाढेल म्हणून ॲड-ऑनही टाकू नका, त्यांनी तुमचा ब्राउझर गर्दीत वेगळा दिसतो.

टॉर जोडलंच जात नसेल, तर आधी संगणकाचं घड्याळ आणि तारीख तपासा. ते चुकलेलं असलं की जोडणी अडते. घड्याळ बरोबर असूनही अडत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन ब्रिज, म्हणजे जाहीर यादीत नसलेले रिले, वापरून पाहा.

मात्र सगळा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. २०१४मध्ये जानेवारीअखेर ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी स्वतःचे रिले घुसवून थेट नेटवर्कवरच हल्ला केला होता. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याचा होता आणि माहिती पुढे एफबीआयने मिळवली. त्या महिन्यांत छुप्या सेवा (फक्त टॉरवरूनच उघडणाऱ्या साइट्स) वापरणाऱ्याने कितीही काळजी घेतली असती, तरी त्याला याचा पत्ता लागला नसता. असं संशोधन लपून, खऱ्या माणसांवर करणं मला अजिबात मान्य नाही. पत्रकाराला माहिती देणारा माणूसही त्याच नेटवर्कवर असतो.