जुनी टूरिंग बाईक घेताय? आधी बॉक्स उतरवायला लावा

गाडी बघायला निघण्याआधी मालकाला फोनवर एवढंच सांगायचं: मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर गप्पा सुरू व्हायच्या आत इंजिनाला हात लावून बघा. कोमट लागलं तर कारण विचारा. थंड इंजिन सुरू व्हायला किती कुरकुरतं, पहिल्या मिनिटात कसला आवाज येतो, हे गरम गाडीत कळत नाही. सुरुवातीची पांढुरकी वाफ चालेल. निळसर धूर राहिला, तर ऑईल जळतंय.

मीटरवरच्या आकड्याला मी फारसा भीत नाही. लांबच्या रस्त्यावर एका लयीत पळालेलं इंजिन, ऑईल वेळेवर बदललेलं असेल तर, छान टिकतं. उलट ‘वर्षातून दोनदाच काढतो हो’ असं ऐकलं की मी जास्त बारकाईने बघतो. उभ्या गाडीत टाकीला आतून गंज धरतो, सील वाळतात, टायर कडक होतात. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात; 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, टायर सात-आठ वर्षांचा असेल तर नवी जोडी हिशोबात धरा.

टूरिंग गाडीची खरी परीक्षा मागच्या बाजूला असते. पॅनिअर (दोन्ही बाजूंच्या पेट्या) आणि टॉप बॉक्स उतरवायला लावा, मालकाने तोंड वाकडं केलं तरी. सीट काढा आणि सबफ्रेमच्या, म्हणजे सीट आणि सामान पेलणाऱ्या मागच्या सांगाड्याच्या, वेल्डच्या कडेने टॉर्च मारा. रंगावर केसाएवढी रेघ आणि तिच्यातून तांबूस गंज डोकावत असेल, तर त्याला ओरखडा समजून सोडू नका. तो तडा असू शकतो. वर्षानुवर्षं ओझं आणि खड्डे सोसल्यावर धातू तिथेच हार मानतो. रॅकच्या बोल्टची भोकं लांबट झालीत का तेही बघा. नवा रंग फक्त तेवढ्याच जागी दिसला, तर मी पुढचं काही न बघता निरोप घेतो.

सीट निघालीच आहे तर वायरिंगही बघून घ्या. जादा लाइट, गरम ग्रिप, फोनचं चार्जिंग यांना स्वतंत्र फ्यूज हवा. मूळ वायर सोलून पीळ दिलाय आणि वर काळी टेप गुंडाळलीय, असं दिसलं तर तिथेच कधीतरी, बहुतेक पावसात, गाडी बंद पडणार. बॅटरीला मल्टिमीटर लावा: गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर 13.8 ते 14.5. सगळे लाइट लावल्यावर, रेस दिलेली असतानाही आकडा 13 च्या खाली घसरला, तर स्टेटर (वीज तयार करणारा भाग) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) तपासल्याशिवाय पुढे बोलू नका.

लीव्हरच्या टोकावरच्या खरचटण्याचं मी मनावर घेत नाही. जड गाड्या उभ्या-उभ्या कलंडतातच. पण हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडतं त्या स्टॉपवर खोल मार असेल, तर गाडी जोरात आपटलेली असू शकते. मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला, हँडल सावकाश फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग) गेलाय.

चेनची गाडी असेल तर मागच्या स्प्रॉकेटवरून (दातेरी चाकावरून) चेन मागे ओढून बघा, अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटची संपूर्ण किट बदलायची. शाफ्टवाली (चेनऐवजी फिरत्या दांड्यावर चालणारी) असेल तर फायनल ड्राइव्हचं, म्हणजे मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीचं, ऑईल कधी बदललं ते विचारा.

चालवताना वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून थ्रॉटल पूर्ण उघडा. आवाज चढला पण वेग तेवढा वाढला नाही, तर क्लच घसरतोय. मागे जोडीदार बसणार असेल तर त्याला बसवूनच चक्कर मारा. दमलेला शॉकअप एकट्याला कळत नाही.

सर्व्हिसच्या बिलांत मी व्हॉल्व्ह क्लिअरन्सची (इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट तपासून जुळवल्याची) नोंद आधी शोधतो. खर्चिक आणि बाहेरून न दिसणारं काम, म्हणून लोक तेच टाळतात. चासी नंबर कागदाशी स्वतः अंक-अंक जुळवा, कर्ज फिटलंय का ते तपासा. मग टायर, किट, बॅटरी असं जे बदलावं लागेल ते मालकासमोर कागदावर मांडा आणि तेवढी रक्कम वजा करूनच भाव सांगा.