छोट्या खोलीत रुंद पडदा: प्रोजेक्टरची लेन्स कशी निवडावी

दुकानात पाऊल ठेवलं की विचारतात, "बजेट किती?" विचारायला हवं ते वेगळंच: लेन्स भिंतीपासून किती फुटांवर बसणार? घरगुती प्रोजेक्टरची लेन्स सहसा बदलता येत नाही. सुट्या लेन्स मिळतात त्या सभागृहातल्या मोठ्या यंत्रांना. त्यामुळे आपल्यासाठी लेन्स निवडणं म्हणजे प्रोजेक्टरच निवडणं. उदाहरणाला फ्लॅटमधली १० बाय १२ ची बेडरूम घेऊ. पडदा १० फुटांच्या भिंतीवर.

१. आधी पडदा आखा

भिंतीवर मास्किंग टेपने चौकट आखा. दार, कपाट आणि दोन्हीकडचे स्पीकर सोडले की हाती ७ फूट रुंदी उरते असं धरू. आता आकार. क्रिकेट आणि टीव्ही १६:९ मध्ये असतात, रुंद सिनेमा २.३९:१ मध्ये. हौशी मंडळी थेट २.३९:१ चा, म्हणजे सिनेमास्कोप पडदा मागवतात. मला ते पटत नाही. आपल्या खोल्यांत कमी पडते ती रुंदी, उंची नव्हे. ७ फूट रुंदीचा १६:९ पडदा साधारण ४७ इंच उंच असतो, तो आरामात मावतो. त्यावर सिनेमास्कोप चित्रही पूर्ण ७ फूट रुंदच दिसतं. वर-खाली सहा-सहा इंच रिकामे राहतात, एवढंच. तेवढ्या मापाची काळी मखमल लाकडी पट्ट्यांवर ताणून घ्या आणि सिनेमा लावताना अडकवा. वर बीम किंवा खाली उंच कॅबिनेट असल्याने उंचीच अपुरी असेल, तरच सिनेमास्कोप पडदा घ्यावा.

२. भागाकार करा

लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, हा थ्रो रेशो. रुंदी आडवी मोजायची. जाहिरातीतले १०० इंच तिरके असतात. तो १६:९ पडदा आडवा ८७ इंचच भरतो.

प्रोजेक्टर मागच्या भिंतीवर फळीवर ठेवला, तर यंत्राची लांबी, केबल आणि हवेची जागा धरून २ फूट जातात. उरले १०. दहा भागिले सात म्हणजे १.४३. माहितीपत्रकात १.३५ ते २.८ लिहिलं असेल तर काम झालं. १.५ ते १.८ असेल तर चित्र ६ फूट ८ इंचांच्या पुढे जाणार नाही, कितीही फिरवाफिरवी करा.

झूम ऑप्टिकलच हवा, म्हणजे लेन्सची भिंगं हलवून चित्र लहानमोठं करणारा. स्वस्त यंत्रांत रिमोटवरचा झूम बहुधा डिजिटल असतो. अंधारात पडद्याजवळ जाऊन चित्र लहान करून पाहा: भोवती करड्या उजेडाची चौकट दिसली तर लेन्स हललेलीच नाही.

३. पंखा मोजा

हे कुणी सांगत नाही. पंखा खोलीच्या मध्यावर, म्हणजे पडद्यापासून ६ फुटांवर. ४८ इंची पंख्याची पाती ४ ते ८ फुटांमध्ये फिरतात. मागे छतालगत लावलेल्या प्रोजेक्टरचा झोत नेमका त्यांतून जातो. एक तर फळी पात्यांच्या खाली आणा, नाही तर शॉर्ट थ्रो, म्हणजे जवळून मोठं चित्र टाकणारा प्रोजेक्टर घ्या. ०.५ थ्रो रेशोची लेन्स साडेतीन फुटांवर बसते. पण तिच्यामागे यंत्राचं फूटभर धूड असतं, ते साडेचार फुटांपर्यंत येतं आणि छताला टांगलं तर पात्यांच्या वाटेत येतं. असा प्रोजेक्टर बुटक्या टेबलावर ठेवावा, किंवा पंखा काढून भिंतीवरचा लावावा. टांगायचाच असेल तर फास्टनर पीओपीत नको, वरच्या स्लॅबमध्ये मारून घ्या.

४. अ‍ॅनामॉर्फिकचा मोह

चित्र आडवं ताणणाऱ्या अ‍ॅनामॉर्फिक लेन्सची युक्ती फ्रेंच संशोधक आंरी क्रेतिएँ यांची. तिच्यावरच ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने १९५३ मध्ये सिनेमास्कोप आणलं. घरासाठी मिळणाऱ्या जोडलेन्स चित्र साधारण १.३३ पट रुंद करतात. मात्र झोत जितका पसरट, तितक्या चित्राच्या कडा आत वाकतात. शॉर्ट थ्रोचा झोत तर काचेतून पुरता जातही नाही, कोपरे कापले जातात. लहान खोलीत हा खर्च पाण्यात. सिनेमास्कोप पडदा घेतलाच असेल तर निदान १.३५ पट ऑप्टिकल झूम आणि लेन्स मेमरी (१६:९ आणि सिनेमास्कोपसाठीचा वेगवेगळा झूम लक्षात ठेवणारी सोय) असलेलं यंत्र पाहा. आपल्या खोलीत त्याची रेंज १.४३ ते १.९२ एवढी तरी हवी.

५. शिफ्ट आहे का?

यंत्र तिरपं ठेवून कीस्टोनने, म्हणजे वाकडं चित्र डिजिटल पद्धतीने सरळ करणाऱ्या सोयीने, चित्र चौकोनी केलं की पिक्सेल वाया जातात आणि अक्षरं पुसट होतात. लेन्स शिफ्टमध्ये यंत्र न हलवता लेन्सच वर-खाली सरकते, त्यामुळे तसं होत नाही. शॉर्ट थ्रोमध्ये शिफ्ट क्वचितच मिळते, म्हणून टेबलाची उंची आधी ठरवा.

६. भिंतीला खेटून ठेवायचा असेल तर

अल्ट्रा शॉर्ट थ्रोचा रेशो ०.२५ च्या आसपास असतो. तिथे यंत्र १ सेंटीमीटर सरकलं की चित्र ४ सेंटीमीटरने रुंद किंवा अरुंद होतं. भिंतीचा उंचसखलपणाही लपत नाही. रात्री दिवे घालवून टॉर्च भिंतीला टेकवून तिरपा उजेड टाका. प्लास्टरच्या सावल्यांच्या लाटा दिसल्या तर नुसत्या भिंतीवर भागणार नाही. गुंडाळायचा पडदाही नको. फ्रेमवर घट्ट ताणलेला, अल्ट्रा शॉर्ट थ्रोसाठीच बनवलेला पडदा घ्या.

७. दुकानात काय तपासाल

यंत्र अर्धा तास चालू ठेवायला सांगा, कारण तापल्यावर फोकस सरकतो. मग पांढऱ्यावर बारीक काळी अक्षरं लावा. मधली अक्षरं स्वच्छ आणि चारही कोपऱ्यांतली धुरकट, तर लेन्स सुमार. एकाच बाजूची धुरकट असतील तर आधी यंत्र पडद्यासमोर सरळ ठेवून पुन्हा बघा. काळ्यावर पांढरी रेघ घेतली की कडेला लाल-निळी झालर किती उमटते तेही दिसेल. थोडी चालते, बसायच्या जागेवरून दिसत असेल तर दुसरं यंत्र मागवा.