ठासणीच्या रायफलसाठी निमुळत्या गोळ्या ओतताय? आधी शिसं तपासा

कोलोरॅडोत ठासणीच्या बंदुकीचा एल्कचा (तिथल्या मोठ्या हरणाचा) हंगाम सप्टेंबरात येतो. तेव्हा गोळ्या ओतायला जून-जुलैतच बसा. ओतण्याला एक दुपार पुरते, पारखायला मात्र अनेक शनिवार-रविवार जातात. प्लॅस्टिकच्या टोपणातल्या गोळ्या या हंगामात तिथे चालत नाहीत. गोल गोळी चालते, किंवा व्यासाच्या दुपटीपेक्षा लांब नसलेली निमुळती. एल्कसाठी रायफल किमान .५० ची, म्हणजे अर्धा इंच नळीची लागते. नियमपुस्तिका त्या त्या वर्षीची वाचा. हे सगळं अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या ठासणीलाही परवाना लागतो आणि शिकारीला कायद्याने बंदी आहे.

आता शिसं. साचा कुठला, कढई कुठली, हे सगळं नंतर. वडी हातात घ्या आणि नखाने ओरखडा काढा. शुद्ध शिशावर नख स्पष्ट उमटतं. वडी फरशीवर टाकली की ठप्प आवाज आला पाहिजे. खणकन वाजली तर तिच्यात अँटिमनी आहे, म्हणजे शिसं कडक करणारा धातू. आणि हे प्रत्येक वडीला करायचं. प्रत्येक. भंगारवाल्याने एका बादलीत भरून दिल्या म्हणून त्या एका जातीच्या होत नाहीत. गेल्या खेपेला वरच्या दोन बघून बाकीच्या सरळ कढईत गेल्या होत्या, म्हणून एवढं ओरडून सांगतोय.

नखावर भरवसा नसेल तर चित्रकलेच्या पेन्सिली काढा, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला वापरायचो त्याच. लाकूड तासून आतली कांडी उघडी करा, टोक सँडपेपरवर सपाट घासा आणि ४५ अंशांत धरून वडीवर पुढे ढकला. सर्वांत मऊ पेन्सिलीपासून सुरुवात करायची. ६बीनेच खरवडलं गेलं तर शिसं कडकपणाच्या ब्रिनेल मापाने ५ च्या आसपास, म्हणजे हवं तसं. एचबीपर्यंत जावं लागलं तर ती वडी बाजूला ठेवा, पिस्तूलवाल्या मित्राला द्या, पण या कढईत नको.

कारण सोपं आहे. ही गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासायची असते. मॅक्सी-बॉलसारख्या गोळीचं वरचं कडं ठासतानाच आट्यांत (नळीच्या आतल्या पिळदार खाचांत) रुततं आणि दारू पेटली की मागच्या धक्क्याने उरलेला घेर फुगून नळी भरतो. १८४९ च्या मिनिए गोळीत हेच काम मागची पोकळ झालर करते. शिसं कडक असलं की झालर पसरत नाही, वायू बाजूने निसटतो आणि गोळी कागदावर आडवी लागते. त्याहून वाईट म्हणजे ती ठासतानाच अर्ध्या नळीत अडकते. मग गजाला स्क्रू लावून ती उपसत बसा, खाली दारू भरलेली असताना.

शिसं आणायचं तर छपराच्या जुन्या पट्ट्या, नळकामाचं शिसं, एक्स-रे खोलीच्या भिंतीतले पत्रे, हे चांगले. टायरची वजनं नकोत. जुन्यांत अँटिमनी, नव्यांत चक्क जस्त. गाडीच्या बॅटरीतल्या पट्ट्यांना हातही लावू नका. त्यांत आर्सेनिक असतं आणि त्यांच्या मळीला ओल लागली की निघणारा वायू माणूस मारतो. इथे ‘बघू या’ नाही.

चष्मा, चामड्याचे हातमोजे, बंद बूट, सुती फुलपँट. उघड्यावर बसा, वारा पाठीकडून घ्या. जवळ चहा नको, मुलं तर मुळीच नकोत. कढई स्वयंपाकघरात परत जाणार नाही हे घरी आधीच सांगून ठेवा.

पाणी. वितळलेल्या शिशात एक थेंब गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि कढई तोंडावर उडते. त्यामुळे आभाळ भरलेलं असेल तर बेत रद्द. नवी वडी घालायच्या आधी कढईच्या काठावर ठेवून चांगली तापवा. गॅरेजमध्ये पडलेल्या वडीच्या भेगांत ओल असते, ती दिसत नाही. आणि ती वडी काठावर तापत ठेवण्याआधी तिच्यावर नख मारलं होतं ना? मधेच घातलेली एक कडक वडी सगळी कढई बिघडवते.

शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, पण ओतायला ४०० ते ४२५ लागतात. शुद्ध शिसं साच्याच्या कोपऱ्यांत जायला आळशी असतं, म्हणून आच जरा जास्त. अनोळखी भंगार मात्र पहिल्यांदा मंद आचेवर वितळवा. जस्त ४१९ ला वितळतं, त्याच्या आत राहिलात तर ते तरंगतं आणि पळीने काढता येतं. मग वाटाण्याएवढं मधमाश्यांचं मेण टाका, ते धुराने भडकेल तर भडकू दे, तळापासून ढवळा, वरची मळी खरवडून झाकणाच्या डब्यात भरा. लोक वाफेला घाबरतात. त्या मळीची भुकटी जास्त घातक, कारण ती बोटांवरून पोटात जाते.

साचा तेलकट राहू देऊ नका. अॅल्युमिनियमचा असेल तर आतून काडीच्या ज्योतीची काजळी धरा आणि त्याचा कोपरा शिशात बुडवून तापवा. पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या येतात, तो थंड साचा, परत कढईत. पृष्ठभाग पिठूळ दिसायला लागला तर साचा फार तापला, जरा थांबा. ओतल्यावर वरच्या शिशाच्या मधोमध खळगा पडून ते निस्तेज होतं, मगच लाकडी दांडक्याने कापणी (साच्यावरची जादा शिसं कापणारी पट्टी) फिरवा. लोखंडी हातोडीने साचा वाकतो. गोळी घडी घातलेल्या कोरड्या टॉवेलवर पडू द्या, कारण मऊ शिशाच्या बुडाला पोचा आला की ती गोळी गेलीच. मिनिएच्या झालरीत टाचणीएवढं भोक दिसलं तरी ती परत कढईत.

आता वजन. आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे .५० ची ३७० ग्रेनची मॅक्सी-बॉल दोन तोळे आणि वर दहा ग्रेन. एखादीच गोळी हलकी भरली तर तिच्या पोटात हवेची पोकळी आहे. पण सगळ्याच गोळ्या दहा-बारा ग्रेननी हलक्या भरत असतील तर काट्याला शिव्या देऊ नका. शिसं कडक आहे. मिश्र शिसं हलकं असतं आणि कमी आकसतं, म्हणून व्हर्नियरवर व्यासही किंचित जास्त येतो. शंका आली की गोळीच्या बुडावर पुन्हा नख लावून बघा. इथे पकडलंत तर नुसतं परत वितळवावं लागेल, नळीत पकडलंत तर दिवस जाईल.

गोळीच्या खाचांत वंगण म्हणून भरायला मेण आणि मेंढीची चरबी, किंवा मेण आणि ऑलिव्ह तेल. चरबी म्हटलं की १८५७ आठवणारच. एनफिल्डची ती गोळीही याच जातीची होती, निमुळती, मऊ शिशाची, कागदी काडतुसात बसवलेली. खोबरेल घालू नका, उन्हात पातळ होऊन वाहतं. व्हॅसलीनसारख्या खनिज वंगणाने काळ्या दारूची राख डांबरासारखी चिकटते.

पारख. रायफल रिकामी आहे हे गज टाकून बघा. गोळी तोंडावर ठेवल्यावर आपोआप आत घसरता कामा नये आणि हातोडा मागताही कामा नये. आखूड ठासणीवर (मुठीच्या छोट्या गजावर) तळव्याने दाबून आत गेली पाहिजे. काळी दारू किंवा तिचा पर्याय, तोही मापट्याने, प्रमाण रायफलच्या पुस्तिकेतलं; धूरविरहित दारू कधीच नाही. बार भरून झाला की गजावर खूण करा. मग केप (दारू पेटवणारी टोपी) न लावता नळी खाली करून हलकेच आपटा, गज परत टाका. खूण वर आली तर गोळी दारूपासून सुटते आहे, आणि मधल्या पोकळीने नळी फुगते. अशी गोळी रानात न्यायची नाही.

मैदानावर आधी ५० यार्ड, मग १००. बाकावरून, तीन-तीन बारांचे गट, दर बारानंतर ओली चिंधी. एका वेळी एकच गोष्ट बदला. कागदावर भोकं गोल हवीत. लांबट दिसली तर आट्यांचा पीळ तपासा, ६६ इंचांत एक वेढा असेल तर ती नळी गोल गोळीची आहे. पीळ ठीक असेल तर काय तपासायचं ते आता सांगायला नको.

मग हात साबणाने, कपडे वेगळे धुवायचे. नळी त्याच संध्याकाळी गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, तेल लावा. उद्यावर टाकलंत तर गंज चढेल.