बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी गावातून कशा गोळा कराव्यात

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. आमच्या गावचा पाझर तलाव १९७२च्या दुष्काळात लोकांनी हातांनी बांधला, आणि मुलं त्याच्या बांधावर खेळतात ती हे ठाऊक नसताना. म्हणून दरवर्षी मी वर्गाला आठवणी गोळा करायला पाठवते. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असलेली पोरगी आज सत्तरीला टेकलीय, तेव्हा पुढच्या वर्षी बघू असं म्हणू नका.

पहिली गोष्ट, "दुष्काळ कसा होता?" असं विचारूच नका. "लई वाईट होता गं बाई" एवढंच मिळतं आणि बोलणं संपतं. भाकरी कशाची होती ते विचारा. मग मिलो निघते, अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी; कामावर खायला मिळणारी कोरडी सुकडी निघते; जनावरं कुठे सोडली ते निघतं. साल विचारण्यापेक्षा "तुमचं लग्न झालं होतं का? थोरलं लेकरू कडेवर होतं का?" असं विचारलेलं बरं.

शक्य असेल तर त्या जागी घेऊन जा. एक आजी घरी तासभर गप्पच होत्या. बांधावर नेलं तर खाली बसल्या, पायांच्या बेचक्यात दगड धरला आणि खडी कशी फोडायची ते करून दाखवलं. मग डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. हातोडी बसून गेलेलं नख पुन्हा आलं ते वाकडंच. "ह्यो माझा मस्टर," म्हणाल्या. मस्टर म्हणजे कामावरचं हजेरीपत्रक.

मोबाइल विमान मोडवर टाका, पंखा बंद करा. माणूस थांबला की मनात दहापर्यंत मोजा, मगच पुढचा प्रश्न. लिहून काढताना त्यांची बोली सुधारू नका.

गावातली चार मोठी माणसं सांगतात तेवढाच गावचा इतिहास धरू नका. प्रत्येक वस्तीत जाऊन विचारा: पाणी कुठल्या विहिरीचं? शेंदायचं कोणी, आणि लांब उभं राहून ओंजळ कोणी धरायची? उत्तरं जुळत नाहीत. दोन्ही शेजारी-शेजारी लिहा. आमच्याकडे याच प्रश्नावर मुलं सगळ्यात जास्त वेळ बोलली.

पडताळणीसाठी शाळेचं जनरल रजिस्टर काढा. त्या साली कोणी शाळा सोडली ते दिसतं. पुष्कळजण त्या दुष्काळी कामांना "रोजगार हमी" म्हणतात. तो कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. तरी त्यांचा शब्द खोडू नका, खाली टीप द्या.

शेवटी ग्रामसभेत वाचन ठेवा, पण आधी सांगणाऱ्याला वाचून दाखवा. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. एका घराने पितळेची भांडी मोडीत विकली, हे मी त्या घराचं नाव घेऊन सगळ्यांसमोर वाचलं. म्हातारे आजोबा उठून गेले. मी त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली, पण ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

आता आम्ही मजकूर घरी नेऊन वाचतो. गेल्या वर्षी त्याच अंगठ्याच्या आजींनी एका ओळीवर थांबवलं. "मागून आणलं नको लिहू बाई. उसनं आणलं लिही. फेडलंय मी." मुलीने तिथेच खोडून नवा शब्द लिहिला.